हेर म्हणून धरला भलताच! युद्धकाळातल्या धमाल चित्रपटांमधला ओळखीचा घोटाळा

पिटातला प्रेक्षक

युद्ध संपल्यावर हिटलरची टिंगल कुणीही करेल. डोक्यावर विमानं घोंघावत असताना ज्यांनी केली, त्यांच्याबद्दल हा धागा. त्यातही एकच प्रकार घेऊ: साधाभोळा माणूस, त्याला कुणीतरी हेर समजतं, आणि मग पळापळ, आदळआपट, पिठात पडणं, पाण्यात पडणं.

सुरुवात 'लेट जॉर्ज डू इट'पासून (१९४०). ईलिंग स्टुडिओ, दिग्दर्शक मार्सेल व्हार्नेल, नायक जॉर्ज फॉर्म्बी. फॉर्म्बी लँकेशरमधल्या विगनचा. दात पुढे, चेहऱ्यावर कायम 'मी काय केलं?' असा भाव, हातात बँजोच्या आवाजाची युकुलेली. तिकीटबारीवर त्या काळी ब्रिटिश नटांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कथा थोडक्यात अशी. नॉर्वेतल्या बर्गनमधल्या एका हॉटेलात नाचाचा बँड चालवणारा मेंडेझ हा जर्मनांचा हस्तक. बँडचं वादन रेडिओवरून जातं आणि त्या सुरांत ब्रिटिश जहाजांची माहिती सांकेतिक भाषेत पेरलेली असते. पाणबुड्या ती ऐकतात आणि जहाजं बुडवतात. बँडमधला युकुलेलीवाला ब्रिटिशांचा माणूस होता, तो मारला गेला. त्याच्या जागी दुसरा युकुलेली वाजवणारा हेर पाठवायचा ठरतं आणि ब्लॅकआउटच्या काळोखात बोटीवर चढतो तो आपला जॉर्ज. त्याला जायचं होतं ब्लॅकपूलला, आपल्या 'डिंकी डूज' मंडळीबरोबर कार्यक्रम करायला.

या घोटाळ्याची जुळणी बघा. तीन खिळ्यांवर सगळा डोलारा उभा आहे: वाद्य, काळोख आणि बँडमधली रिकामी खुर्ची. जॉर्ज कुणासारखा दिसत नाही, त्याला जुळा भाऊ नाही, तो वेषांतर करत नाही. खुर्चीला युकुलेलीवाला हवा होता, युकुलेलीवाला मिळाला. ब्रिटिशही फसतात, जर्मनही फसतात आणि दोघांनाही हटकून विचारावंसं वाटत नाही, कारण गडी वाजवतो उत्तम. खोटा हेर पण खरा वादक, ही मेख आहे. जॉर्जला युकुलेली येत नसती तर चित्रपट दहाव्या मिनिटाला संपला असता.

माझं म्हणणं असं की हेरांच्या फार्समध्ये ओळख चेहऱ्याला चिकटवली की घोटाळा पातळ होतो आणि वस्तूला चिकटवली की घट्ट होतो. बाकीच्यांनी आपापली उदाहरणं आणावीत, उलटी असली तर जास्तच आवडतील.

तिसरी घंटा

वस्तूचं म्हणणं मान्य. आपल्याकडे देवलांनी 'संशयकल्लोळ'मध्ये हेच केलंय. रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, तिच्याकडून फाल्गुनराव हिसकावतो. माणसं तीच राहतात, तसबीर हात बदलते, आणि प्रत्येक हातात तिचा अर्थ वेगळा. फार्स लिहिणाऱ्याने आधी वस्तूचा प्रवास कागदावर काढावा, संवाद नंतर.

पण युद्धातला या जातीचा राजा 'टू बी ऑर नॉट टू बी' (१९४२). दिग्दर्शक अर्न्स्ट लूबिच. त्यातली वस्तू म्हणजे दाढी. तो भाग नीट उलगडून लिहितो, कारण यावर 'किती छान' एवढंच लिहिलं जातं.

जर्मनांनी व्यापलेलं वॉर्सा, पोलंडची राजधानी. तिथली एक नाटक कंपनी. मुख्य नट योझेफ तुरा (जॅक बेनी), त्याची बायको मारिया (कॅरोल लोम्बार्ड). प्रोफेसर सिलेत्स्की हा दुटप्पी हेर लंडनहून तिथल्या पोलिश वैमानिकांच्या नातलगांची माहिती घेऊन वॉर्सात येतो. ती गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती पडायच्या आत त्याला अडवायचं.

पहिला डाव: कंपनी आपल्या नाट्यगृहातच खोटं गेस्टापो कार्यालय उभारते. तुरा गेस्टापोचा प्रमुख कर्नल एऱ्हार्ट बनून सिलेत्स्कीला भेटतो. डाव फसतो, कारण सिलेत्स्कीच्या बोलण्यातून तुराला बायकोच्या चाहत्याचा सुगावा लागतो आणि कर्नलच्या तोंडून नवरा बोलायला लागतो. सिलेत्स्की ओळखतो, पळतो, नाट्यगृहातच मारला जातो.

दुसरा डाव: आता तुरा दाढी लावून सिलेत्स्की बनतो आणि खऱ्या एऱ्हार्टला भेटतो. इथे लूबिचची चलाखी पाहा. खोटा एऱ्हार्ट असताना तुराने जे पोकळ वाक्य घाबरून पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, तेच वाक्य खरा एऱ्हार्ट मनापासून पुन्हा पुन्हा म्हणतो. म्हणजे तुराचा वाईट अभिनय हुबेहूब होता!

तिसरा डाव: जर्मनांना खऱ्या सिलेत्स्कीचं प्रेत सापडतं. एऱ्हार्ट काही न बोलता तुराला त्या प्रेताबरोबर एका खोलीत ठेवतो आणि बाहेर वाट बघतो. खोलीत दाढीचं सामान आहे. तुराच्या खिशात जादा खोटी दाढी आहे. तो प्रेताची खरी दाढी काढतो, त्या जागी खोटी चिकटवतो आणि मग एऱ्हार्टला बोलता बोलता अशा कोपऱ्यात नेतो की एऱ्हार्ट स्वतःच्या हाताने प्रेताची दाढी ओढून बघतो. दाढी हातात येते. खरा हेर मेल्यानंतर खोटा ठरतो आणि खोटा हेर, ज्याची दाढी पण खोटीच आहे, खरा ठरतो.

आणि आता सुटला म्हणेपर्यंत कंपनीतली मंडळी जर्मन अधिकाऱ्यांच्या वेषात त्याला सोडवायला येऊन धडकतात. आत काय झालंय त्यांना ठाऊक नाही. ते भर एऱ्हार्टसमोर तुराची दाढी उपटतात आणि 'बघा, तोतया!' म्हणून त्याला 'अटक' करून घेऊन जातात. जीव वाचतो, कमावलेलं सोंग जातं.

दाढी दोन वेळा ओढली, दोन्ही वेळा उलटा निकाल. याच्यापुढे केळीच्या सालीवरून घसरणं म्हणजे बालवाडी.

मधली सुट्टी

@तिसरी घंटा, सुरेख. एक भर. सिलेत्स्कीवर संशय कसा येतो तेही त्याच कारागिरीतलं आहे. लंडनमधल्या पोलिश वैमानिकांपुढे तो स्वतःला वॉर्साचा म्हणवतो, पण मारिया तुरा हे नाव त्याला ओळखीचं वाटत नाही. वॉर्साचा माणूस आणि मारिया तुरा माहीत नाही? पुण्याचा म्हणवणाऱ्याने बालगंधर्व कोण असं विचारल्यासारखं. कागदपत्रं चोख, उच्चार चोख, आणि फसला तो नाटकाची आवड नसल्यामुळे.

लोम्बार्ड १६ जानेवारी १९४२ला विमान अपघातात गेली, चित्रपट त्यानंतर लागला. विमानात असं काय होणार, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं. त्या वेळी बऱ्याच समीक्षकांना चित्रपट खुपला होता. वॉर्सावर बॉम्ब पडताहेत आणि तुम्हाला विनोद सुचतो कसा, हा आक्षेप. आज ऐकताना गंमत वाटते, पण १९४२मध्ये युद्ध कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आक्षेप अगदीच मूर्खपणाचा नव्हता.

बिनतारी

मूळ धाग्याकडे. सुरांतून जहाजांची माहिती हे ऐकायला फेकाफेक वाटतं, म्हणून हिशोब मांडतो.

१२० ठोक्यांच्या गतीचं, चार मात्रांच्या मोजणीचं नाचगाणं घ्या. मिनिटाला ३० आवर्तनं, तीन मिनिटांच्या गाण्यात ९०. दर आवर्तनात एकच बदल करायचा: ठरलेला स्वर वाजवला की 'हो', त्याऐवजी शेजारचा वाजवला की 'नाही'. म्हणजे ९० हो-नाही खुणा.

काय कळवायचं? निघायची वेळ, २४ तासांपैकी एक: ५ खुणा पुरतात. दिशा, दहा-दहा अंशांच्या ३६ भागांपैकी एक: ६ खुणा. जहाजांची संख्या ३२पर्यंत: ५ खुणा. झाल्या १६. एका गाण्यात असे पाच निरोप बसतात आणि दहा खुणा उरतात. म्हणजे क्षमतेचा प्रश्नच नाही.

अडचणी दुसरीकडे आहेत.

एक, पाणबुडीला हे ऐकायला वर यावं लागतं. नेहमीच्या प्रसारणाच्या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरत नाहीत. पाण्याखाली काही मीटरपर्यंत पोचतात त्या फार लांब लहरी, त्यासाठी अवाढव्य मनोरे लागतात, हॉटेलच्या बँडचं ते काम नाही. पण त्या काळातल्या पाणबुड्या बराच वेळ पाण्यावरच असत आणि रात्रीचा नाचाचा कार्यक्रम रात्री वर आलेल्या पाणबुडीने ऐकणं अगदी शक्य.

दोन, बँडमधल्या बाकीच्यांना चुकीचा स्वर कळतो. दहा वादकांच्या ताफ्यात म्होरक्या दर आवर्तनाला स्वर बदलू लागला तर पहिली तक्रार क्लॅरिनेटवाल्याची येईल. म्हणून बदल 'चूक' वाटता कामा नये, सजावट वाटली पाहिजे.

तीन, खरखर. मध्येच दोन आवर्तनं ऐकू आली नाहीत की पुढची सगळी मोजणी घसरते. म्हणून दर आठ आवर्तनांनंतर एक ओळखीचा तुकडा वाजवून मोजणी पुन्हा जुळवावी लागेल.

आणि प्रसारणातून गुपित पाठवणं ही काही थाप नाही. दोस्त राष्ट्रांच्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईआधी बीबीसीवरून फ्रेंच कवी व्हर्लेनच्या कवितेच्या ओळी फ्रेंच भूमिगतांसाठी वाचल्या गेल्या: पहिला भाग १ जून १९४४ला, पुढचा ५ जूनला. ऐकणाऱ्या लाखोंना कविता, मोजक्यांना 'आता उठा'.

खमंग फोडणी

बिनतारींनी रेडिओ सोडवला, मी बेकरी घेते. 'लेट जॉर्ज'मधला बेकरीतला धुडगूस हा त्यातला सगळ्यात निखळ आदळआपटीचा तुकडा. त्यात एक बारीक गोष्ट नजरेआड होते. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखरेवर रेशन आलं. पाव मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनबाहेर होता. त्यावर रेशन आलं ते १९४६मध्ये. म्हणजे १९४०च्या प्रेक्षकासमोर कणकेत लोळलेलं चालतं. लोण्यात लोळला असता तर थिएटरात हळहळ झाली असती. विनोदाचं सामान निवडतानासुद्धा पोटाचा विचार करावा लागतो.

कणकेचा विनोद रंगमंचावर करायचा झाला तर पिठाचं गणित महत्त्वाचं. पावासाठी साधारण ५ किलो मैद्याला ३ लिटर पाणी. हे पीठ हातात गोळा राहतं, फेकलं की दगडासारखं लागतं, विनोद शून्य. साडेतीन ते पावणेचार लिटर घातलं की लांबतं, चिकटतं, ओढता येतं. मळून अर्धा तास झाकून ठेवा, मगच तार येते. दोन तास ठेवलं तर सैल पडतं आणि हातातून गळायला लागतं. वरून शंभर मिली तेल चोळा, नाहीतर कपड्यांवरून निघत नाही आणि पुढच्या प्रवेशातला जर्मन अधिकारी पाठीवर पोळी घेऊन फिरतो.

यीस्ट घालू नका. गरम दिव्यांखाली पीठ फुगत राहतं आणि पहिल्या प्रयोगाला जेवढं होतं तेवढं दुसऱ्याला राहत नाही. कोरडा मैदा हवेत उधळायचा असेल तर आसपास निरांजन, मेणबत्ती, पेटती सिगरेट काही नको. हवेत तरंगणारं पीठ भडका घेतं. त्याऐवजी टाल्कम पावडर वापरतात त्यांनी जमिनीचा विचार करावा, ती इतकी निसरडी होते की न बसवलेले विनोद घडतात.

अवाक

'द ग्रेट डिक्टेटर'चं (१९४०) नाव अजून कसं नाही?

पिटातला प्रेक्षक

@अवाक, मुद्दाम ठेवला होता. तो माझ्या म्हणण्याच्या उलट्या बाजूचा साक्षीदार आहे. चॅप्लिनने ओळख चेहऱ्याला चिकटवली: न्हावी आणि हुकूमशहा हिंकेल दिसायला सारखे. आता गंमत बघा. दोन तासांच्या चित्रपटात अदलाबदल होते अगदी शेवटी. छळछावणीतून गणवेषात पळालेल्या न्हाव्याला लोक हिंकेल समजतात आणि बदकांच्या शिकारीला गेलेल्या हिंकेलला पळालेला कैदी समजून पकडतात. तोवर दोघांच्या दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. आपल्याकडच्या लेखकाने असे दोघे एका गावात ठेवले असते तर मध्यंतरापर्यंत दोघांच्या बायकांनी एकमेकींचे नवरे घरी नेले असते.

माझ्या मते फार्स म्हणून ही जुळणी सैल आहे. चॅप्लिनला अदलाबदल हवी होती ती शेवटच्या भाषणासाठी. न्हाव्याला मायक्रोफोनपर्यंत न्यायचा तो एक जिना होता.

मधली सुट्टी

असहमत. सैल म्हणा, पण त्यातले सुटे तुकडे कसले घट्ट आहेत! पुडिंगचा प्रसंग घ्या. कटवाल्यांनी ठरवलंय की ज्याच्या पुडिंगमध्ये नाणं निघेल त्याने जिवावर उदार होऊन हिंकेलला मारायचं. न्हाव्याची मैत्रीण हॅना हिने सगळ्यांच्याच पुडिंगमध्ये नाणी घातली आहेत. प्रत्येक शूरवीर आपलं नाणं गुपचूप शेजाऱ्याकडे सरकवतो, आणि न्हावी सापडेल ते नाणं गिळत जातो. शेवटी त्याला उचकी लागते आणि पोटातून खणखण ऐकू येते. इथेही वस्तूच हात बदलतेय, म्हणजे तुमचंच म्हणणं सिद्ध होतंय.

किंवा हिंकेलला भेटायला येणाऱ्या दुसऱ्या हुकूमशहाच्या, नापालोनीच्या, आगगाडीचा प्रसंग. पायघड्या घातल्यात, गाडी थांबायच्या जागी थांबत नाही, पायघड्यावाले मागे धावतात, गाडी पुढे जाते. संवाद जवळजवळ नाहीत. सारा विनोद अंतराचा: डबा आणि पायघडी यांत दर वेळी पाच-सहा पावलांचाच फरक. हेच अंतर पन्नास पावलं असतं तर नुसता उशीर दिसला असता.

कोपऱ्यातला दिवा

चित्रपटांत दाखवलेले हेर अतिशयोक्त आहेत असं वाटणाऱ्यांसाठी खऱ्या नोंदी.

३ सप्टेंबर १९४०च्या पहाटे जर्मनीने पाठवलेले काही हेर इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर उतरले. त्यांतला कार्ल मायर हा लिड गावात सकाळी पबमध्ये गेला आणि सायडर (सफरचंदाची दारू) मागू लागला. इंग्लंडमध्ये पबला दारू विकायच्या वेळा कायद्याने बांधलेल्या होत्या. सकाळी त्या वेळेला दारू मिळत नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालकिणीला संशय आला, तिथून तो सापडला.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला स्कॉटलंडच्या पोर्टगॉर्डन स्टेशनवर सकाळी एक पुरुष आणि एक बाई आले. किनाऱ्यावर रबरी होडीतून उतरलेले, कपडे भिजलेले. त्यांनी विचारलं, हे कुठलं स्टेशन? शत्रू उतरला तर त्याला वाट कळू नये म्हणून सरकारने त्या उन्हाळ्यात स्टेशनांवरच्या आणि रस्त्यावरच्या पाट्या काढायला लावल्या होत्या. तो उपाय इथे असा फळला. स्टेशनमास्तराने पोलिसाला बोलावलं. सामानात बिनतारी संच निघाला आणि एक जर्मन सॉसेजसुद्धा.

ओल्या पायांनी, सामानात सॉसेज घेऊन 'हे कुठलं स्टेशन' विचारणारा हेर कुणी चित्रपटात लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, अति झालं.

एवढंच लक्षात असू द्या की मायर डिसेंबर १९४०मध्ये फाशी गेला आणि पोर्टगॉर्डनचा पुरुष, कार्ल ड्र्यूके, ऑगस्ट १९४१मध्ये. चित्रपटातला हेर पिठात पडतो, खरे हेर फासावर चढले.

अवाक

आणि उलट दिशेने? मुद्दाम केलेला ओळखीचा घोटाळा?

कोपऱ्यातला दिवा

आहे की. 'ऑपरेशन कॉपरहेड', मे १९४४. नॉर्मंडीच्या चढाईआधी ब्रिटिश सेनानी जनरल माँटगोमेरी (माँटी) भूमध्य समुद्राकडे आहे असं जर्मनांना भासवायचं. पगार खात्यातला लेफ्टनंट क्लिफ्टन जेम्स, मूळचा नट, दिसायला माँटीसारखा. त्याला शिकवून-पढवून मे अखेरीस विमानाने जिब्राल्टरला नेलं. तिथे जर्मनांना खबरा देणारे आहेत हे ब्रिटिशांना ठाऊक होतंच. पुढे अल्जियर्स.

यातली कल्पनासुद्धा चित्रपटावरून सुचली. 'फाइव्ह ग्रेव्हज टू कैरो'मध्ये एका नटाने वठवलेला माँटी पाहून डडली क्लार्क या अधिकाऱ्याच्या डोक्यात हे आलं. म्हणजे पडद्यावरून युद्धात. आणि १९५८मध्ये यावर चित्रपट निघाला तेव्हा जेम्सने स्वतःचंच काम केलं. म्हणजे युद्धातून परत पडद्यावर.

अडचणी मात्र अस्सल फार्समधल्या. जेम्सच्या एका हाताचं मधलं बोट पहिल्या महायुद्धात गेलेलं, म्हणून खोटं बोट बनवून लावलं. माँटी दारू-सिगरेटला शिवत नसे, जेम्सला दोन्हीची आवड. सारखा चेहरा मिळाला होता, खरी भानगड होती बोटाची आणि सिगरेटची.

पिटातला प्रेक्षक

बघा! पुन्हा वस्तूच. पगार खात्यातल्या माणसाचं नशीब एका नकली बोटावर.

रंगपेटी

वर @तिसरी घंटा यांनी दाढीचा प्रसंग सांगितलाय. एकांकिकेत दाढी ओढण्याचा प्रसंग घेणाऱ्यांसाठी, कारण तो नव्वद टक्के वेळा रंगभूषेत फसतो.

दाढ्या तीन लागतात: प्रेतावरची 'खरी', सोंगाड्याच्या चेहऱ्यावरची आणि खिशातली सुटी. तिन्ही एकाच क्रेपच्या, म्हणजे नकली केसांच्या, लडीतून करून घ्या. दोन वेगवेगळ्या दिवशी आणलेल्या क्रेपचा काळा दिव्याखाली वेगळा दिसतो, मग प्रेक्षकाला ओढायच्या आधीच सगळं कळतं.

सोंगाड्याची दाढी जाळीवर गुंफलेली हवी. स्पिरिट गम (रंगभूषेचा डिंक) चारच ठिकाणी: दोन्ही कानशिलांजवळ, खालच्या ओठाखाली आणि हनुवटीवर. गम लावून लगेच दाढी दाबू नका. बोटाला तार येईपर्यंत थांबा, मग दाबा. पूर्ण जाळीला गम लावला तर एका ओढीत निघत नाही. अर्धी लोंबकळते, नट कळवळतो आणि हशा चुकीच्या जागी येतो.

प्रेताची खोटी दाढी गमने लावूच नका. तिथे दुहेरी चिकटपट्टीचे तीन छोटे तुकडे पुरतात, कारण ती प्रेक्षकांसमोर सात-आठ सेकंदांत लावायची असते. सुट्या दाढीला पट्टी आधीच लावून वरचा कागद एका कोपऱ्यात दुमडून ठेवा. काळोखात नखाने कागद सोलत बसलेला नट हा फार्समधला सर्वांत लांब क्षण असतो.

ओढण्याची दिशा खालून वर. वरून खाली ओढलं की जाळी ओठाला घासते. ओढणाऱ्याने मूठभर केस न धरता जाळीची कड धरायची, नाहीतर हातात झुबका येतो आणि दाढी तिथेच.

घाम हा खरा शत्रू. मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या विंगेत, वीस मिनिटांत कानशिलाचा गम सुटतो. लावण्याआधी त्या जागा पुसून कोरड्या करा. काढताना सर्जिकल स्पिरिट, नुसतं ओढायचं नाही. ज्या नटाला कधी गम लावलेला नाही त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थेंबभर लावून बघा.

तिसरी घंटा

@रंगपेटी, वाचनखुणेत टाकलं. दिग्दर्शनाच्या अंगाने एकच: लूबिच तुराला प्रेताची दाढी करताना दाखवत बसत नाही. तुरा वस्तरा पाहतो, प्रेताकडे पाहतो आणि आपण बाहेर एऱ्हार्टकडे येतो. रंगमंचावर नटाला सात सेकंदात दाढी चिकटवायला लावण्यापेक्षा खोलीचं दार बंद ठेवून बाहेरच्या एऱ्हार्टला घड्याळ बघू द्या. प्रेक्षक आतलं काम स्वतःच करतात. आणि दाढीवर कुणी तरी बोट ठेवेल, याची वाट बघायला लागतात.

खमंग फोडणी

मग बाटली फोडायचं काय? हेरांच्या हाणामारीत डोक्यावर बाटली फुटायलाच लागते.

रंगपेटी

साखरेची काच. ७०० ग्रॅम साखर, साधारण २४० मिली लिक्विड ग्लुकोज, ४८० मिली पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर, कडेला चिकटलेली साखर ओल्या ब्रशने खाली उतरवत राहा, नाहीतर एका कणावरून सगळं पातेलं दाणेदार होतं. साखरेचा थर्मामीटर १५० अंश सेल्सिअस दाखवेपर्यंत थांबायचं. १४०ला उतरवली तर काच वाकते, फुटत नाही. १६०च्या वर गेली तर पिवळी पडते, ती बाटली बिअरची म्हणून खपवा. सिलिकॉनच्या साच्यात ओतून भिंत साधारण ३ मिलीमीटर ठेवा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात ही काच दोन-तीन तासांत घाम सोडते आणि हाताला चिकटते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि प्रवेशाच्या पाच मिनिटं आधी काढा. फुटताना धार येतेच, तेव्हा मार डोक्याच्या मागच्या बाजूला, टोपीवर. मार खाणाऱ्याचे डोळे मिटलेले हवेत. प्रयोगानंतर तुकडे झाडूनच काढा, ओल्या फडक्याने पुसायला गेलात तर रंगमंचभर पाक.

बिनतारी

'लेट जॉर्ज'चा शेवट राहिला की. जॉर्ज पाणबुडीच्या टॉर्पेडोच्या नळीतून बाहेर उडतो त्याचं काय? नळीचा व्यास ५३.३ सेंटीमीटर. माणूस आडवा मावतो, खांदे आवळावे लागतात. जर्मन टॉर्पेडो सात मीटरच्या वर लांब आणि दीड टन वजनाचा, तो ढकलायला दाबलेली हवा लागे. नळीचं बाहेरचं झाकण उघडायच्या आधी नळी पाण्याने भरतात, म्हणजे जॉर्ज आधी बुडणार. मग तेवढा धक्का बसला तर बाहेर पडणारा जॉर्ज गाणं म्हणायच्या अवस्थेत नसणार.

पिटातला प्रेक्षक

@बिनतारी, तो त्याच चित्रपटात औषधाच्या गुंगीत स्वप्न बघताना जर्मनीत उतरून हिटलरला ठोसाही लगावतो. प्रेक्षक कशावर कसे हसतात-ओरडतात याच्या नोंदी ठेवणाऱ्या 'मास ऑब्झर्व्हेशन'ने त्या ठोशाची दखल घेतली होती. चित्रपट बनला तेव्हा नॉर्वे तटस्थ होता, ९ एप्रिल १९४०ला जर्मनी तिथे घुसली. म्हणजे पडद्यावर ज्या बर्गनमध्ये जॉर्ज हेरांना चकवत होता, ते बर्गन बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत शत्रूकडे गेलेलं होतं. त्या प्रेक्षकाला टॉर्पेडोच्या नळीत पाणी असतं हे सांगायला तुम्ही उभे राहिला असतात, तर बेकरीतली उरलेली कणीक तुमच्यावर आली असती.

बिनतारी

मान्य. पण नळीत पाणी असतंच.